ज्ञानबाच्या पाण्यात काय होतं

ज्ञानबा,

तुला मी लबाड म्हटलं ते माझ्या दुकानाच्या ओट्यावर, बाजाराच्या दिवशी, निदान पंधरा माणसांच्या देखत. तू लबाड नव्हतास हे मला कळलं तेव्हा तुला जाऊन दीड महिना झाला होता. आता हे कुणाला सांगावं आणि सांगून तुला काय, ते मला उमजत नाही, म्हणून तुलाच लिहीत बसलो आहे. तुला वाचता येत नव्हतं. तू असतास तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दोन ओळी झाल्या की तू मला थांबवून म्हणाला असतास, "शेट, पयल्यापासनं सांगा."

पहिल्यापासून सांगायचं तर चार हिवाळ्यांपूर्वी तू वाटाण्याचा एक वेल मुळासकट उपटून माझ्या दुकानात घेऊन आलास. पानांवर जणू कुणी पीठ चाळलं होतं. तू तो वेल माझ्या गादीवर ठेवलास आणि विचारलंस की हे पीठ कोण टाकतं. मला काय माहीत? माझे आजोबा मारवाडातून या आळे गावात आले, मी इथं जन्मलो, पण शेतात माझा पाय कधी लागला नाही. मी किराणा विकतो आणि दोन फळ्या काष्ठौषधींच्या आहेत. तू त्या फळ्यांकडे बोट दाखवून म्हणालास की यातलं जे जे कडू असेल ते थोडं थोडं बांधून द्या.

तिथून आपलं सुरू झालं. तू कडुलिंबाचा पाला ठेचून भिजवलास, निरगुडी उकळलीस, करंजाच्या बिया कुटल्यास. प्रत्येकाचं पाणी वेगळ्या घागरीत. मग कुठल्या घागरीत काय होतं ते तुझ्या ध्यानात राहीना, म्हणून तू मला लिहून ठेवायला सांगितलंस. मी एक कोरी वही काढली. तू सांगायचास, मी लिहायचो. पाला किती ओंजळी, पाणी किती, किती वेळ उकळलं, कुठल्या ओळीवर शिंपडलं, आठ दिवसांनी ते पीठ, म्हणजे भुरी, वाढली की थांबली. आठवड्याच्या बाजाराला तू आलास की आधी ती वही निघायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं आणि आई आतून खाकरायची.

खरं सांगू? माझ्या साऱ्या आयुष्यात मला एवढी मजा दुसऱ्या कशात आली नाही. पहिल्या वर्षी तुझं कुठलंच पाणी पानावर ठरत नव्हतं. वाटाण्याचं पान तुळतुळीत. पाणी शिंपडलं की मोती होऊन घरंगळून खाली. तू वैतागून सांगत होतास आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं की आई रेशमी लुगडं रिठ्यानं धुते तेव्हा पाणी कसं कापडाला चिकटतं. तेव्हाच्या तेव्हा रिठे घेऊन गेलास आणि तिसऱ्या दिवशी, बाजार नसताना, मला बोलवायला आलास. मी तुझ्या मळ्यात प्रथम आलो तो तेव्हा. तू लिंबाच्या डहाळीनं पाणी शिंपडलंस आणि ते पानावर पसरून बसलं. तू म्हणालास, "शेट, निम्मं अवषीद तुमचं." घरी येताना मी धोतराला चिखल लागलेला मुद्दाम झटकला नाही.

पुढच्या वर्षी करंजाच्या बियांसाठी बैलगाडीनं थेट डिंभ्यापर्यंत गेलो होतो आपण. वाटेत तू मला तो प्रश्न विचारलास. तुमच्या जैन धर्मात ही भुरी जिवंत का? मी म्हटलं, आमचे महाराज सांगतात, फूग, म्हणजे बुरशी, जीवच, आणि एवढे की त्यांची गणती नाही. तू बैलांचा कासरा सैल सोडलास. मग विचारलंस, "मंग मी रोज किती मारतो?" थोड्या वेळानं तूच म्हणालास, "आन् ती माझा वाटाना मारती, त्येचं काय?" चातुर्मासात महाराज आले की विचारून सांगतो, असं मी कबूल केलं. दोन चातुर्मास झाले. महाराज आले, प्रवचनं झाली, मी समोर बसलो आणि विचारलं नाही. त्यांनी पाप म्हटलं असतं तर मला वही बंद करावी लागली असती. तू एकदाच आठवण केलीस. मी म्हटलं, राहून गेलं. तू पुन्हा विचारलं नाहीस. तुला कळलं होतं का?

तिसऱ्या वर्षी तुझा वाटाणा उभ्या आळ्यात एकटा हिरवा होता. लोक ज्ञानबाचं पाणी म्हणू लागले. मात्र माझ्या घरी तू दर हिवाळ्याला जी टोपली पाठवायचास तिच्यातल्या शेंगा कायम पिठाळलेल्या. आई एकेक शेंग ओल्या फडक्यानं पुसायची, डाग दिसला की बाजूला काढायची, निम्म्या टाकून द्यायची. मी तुला दोनतीनदा टोमणा मारला, की बाजाराला हिरवीगार शेंग आणि आम्हाला ही उरलीसुरली. तू हसायचास. मला ते हसणं आवडायचं नाही, पण फुकट आलेल्या टोपलीबद्दल किती बोलणार?

मग या भाद्रपदात शेतकी खात्याकडचा तो माणूस पुण्याहून आला. तो पिकांच्या रोगावर शिंपडायचं मोरचूद आणि चुन्याचं पाणी दाखवायला आला होता. कुणीतरी त्याला तुझं नाव सांगितलं आणि तो माझ्या दुकानात येऊन बसला. मी ऐटीत वही उघडली. त्यानं सगळं उतरून घेतलं आणि म्हणाला की दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात करून बघू. गावातल्या कोंडीबानं त्यासाठी आपली काकडी दिली. त्याच्या वेलांवर भुरी नुकती धरत होती. वहीत होतं तसंच मी कोंडीबाला वाचून दाखवलं, लिंब, निरगुडी, करंज, रिठा, मापासकट. तू त्या दिवशी तिथं होतास. गप्प होतास. मला वाटलं, मोठ्या माणसापुढं बुजलास.

कोंडीबाची काकडी पंधरा दिवसांत पांढरी पडली आणि वेल वाळून गेले.

शेतकीचा माणूस वाईट बोलला नाही. त्यानं आपल्या कागदावर काट मारली आणि गेला. कोंडीबाही गप्पच होता. बोललो मी. पुण्याच्या माणसापुढं माझी मान खाली गेली याचा मला राग होता. बाजाराच्या दिवशी तू ओट्यावर आलास आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं की तू मला चार वर्षं खोटं लिहायला लावलंस, खरं औषध स्वतःच्या मळ्यापुरतं ठेवलंस, तू लबाड आहेस. तू डोक्याचं मुंडासं सारखं केलंस. "शेट, तुमी लिवलं त्ये खरंच हाय," तू म्हणालास. "पर समदं न्हाई." मी विचारलं, मग उरलेलं सांग. तू एकदा आतल्या दाराकडे पाहिलंस, जिथं आई बसते. आणि ओटा उतरून निघून गेलास.

त्यानंतर तू दुकानात आला नाहीस. मी मळ्यात आलो नाही. कार्तिकात गावात प्लेगाचे उंदीर पडू लागले आणि सगळं गाव रानात झोपड्या बांधून राहायला गेलं. आम्ही ओढ्याच्या अलीकडे, तुम्ही तुमच्या मळ्यात. तुला ताप आल्याचं मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. लोक म्हणाले, गाठ आली आहे. कुणी म्हणालं, गाठ नाही, साधा ताप आहे. वैद्यालाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मी आलो नाही. प्लेगाला भ्यालो म्हणून आलो नाही, की तू आधी यावंस म्हणून हटून बसलो, हे मी स्वतःला कितीदा विचारलं, आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं. भ्यालो असेन तर माणूस भितोच. हटलो असेन तर मला क्षमा नाही. तिसऱ्या दिवशी तू गेलास. मी लांबून धूर पाहिला.

पौषात लोक गावात परतले. दुकान उघडून चार दिवस झाले असतील, तुझी बायको सखू आली. ओट्याच्या खाली उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही. वाटाण्यावर भुरी धरली आहे म्हणाली, वही काढा आणि माप सांगा. मी म्हटलं, त्या वहीत काय आहे ते कोंडीबाच्या काकडीवर दिसलंच. ती म्हणाली, "लिंब-निरगुडीचं मला ठावं हाय. लसनाचं माप सांगा."

मी विचारलं, कसला लसूण?

तिला वाटलं मी सोंग करतो आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून तिची खात्री पटली असावी. तिनं सांगितलं की दुसऱ्या वर्षापासून तू त्या पाण्यात लसूण ठेचून घालत होतास. भुरी थांबली ती लसणानं. तू पहिल्यांदा करून पाहिलंस तेव्हा धावत मला सांगायला आला होतास. "तवा तुमीच म्हनला न्हवं, ह्या वहीत त्येचं नाव बी नगं, घरात आई हाय म्हनून. त्ये हात धुऊन आलं व्हतं तरी तुमी त्येंना ओट्यावरनं खाली उतरवलं."

ज्ञानबा, मी असं म्हटलं होतं का? मला आठवत नाही. तिथीचा दिवस असेल, आईचा उपास असेल, तुझ्या हाताला वास येत असेल, मी वैतागून बोललो असेन. माझ्याच्यानं असं बोलणं अशक्य आहे असं मला म्हणता येत नाही, एवढंच. सखूला दिवससुद्धा आठवतो. तुला आठवत होता हे तर उघड आहे. मी तुला खाली उतरवलं आणि विसरून गेलो, आणि तू ते ध्यानात ठेवून पुढं तीन वर्षं लसूण सोडून बाकी सगळं लिहून घेत राहिलास. का? माझा शब्द राखायला? की वही बंद पडू नये म्हणून? मला ती वही आवडते हे तुला दिसत होतं. मी चातुर्मासात जे केलं तेच तू करत होतास का?

सखू जायला निघाली होती. जाता जाता म्हणाली की पाटाच्या कडेची ओळ सगळ्यांत जास्त पिठाळली आहे, तिच्यावर यंदाही काही शिंपडलेलं नाही. मी विचारलं, का? ती म्हणाली, "ती तुमच्या घरची वळ. तिला लसून न्हाई लागू दिला कदी. तुमाला चालत न्हाई म्हनून."

ती गेली. गिऱ्हाईकं आली तशी गेली. पिठाळलेल्या शेंगा. दर वर्षी एक अख्खी ओळ तू भुरीला देऊन टाकत होतास, आमच्या तोंडी लसूण जाऊ नये म्हणून, आणि मी म्हणत होतो उरलीसुरली देतोस. पण ज्ञानबा, गाडीत मी तुला सांगितलं होतं ना, फूग म्हणजे जीव? लसूण वर्ज्य तशी आम्हाला फूगही वर्ज्यच. लसणापासून वाचवलंस आणि भुरी खाऊ घातलीस. यात मी तुझे पाय धरायचे की तुझ्यावर हसायचं? तुला हे सुचलं नव्हतं की सुचून तू दोन्हीतलं एक निवडलंस? मी तुझ्या जागी असतो तर काय निवडलं असतं, त्याचा अजून विचार करतो आहे.

आईला सांगावं की नाही यात दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा. सगळं ऐकून म्हणाली, "लसूण न खाल्ल्याचं पुण्य त्याच्या नावावर. भुरी खाल्ल्याचं पाप कुणाचं, ते मला विचारू नको." दुसऱ्या दिवशी तिनं उपास धरला. कशाचा ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लसणाचं माप कुणालाच माहीत नव्हतं. तू मुठीनं घालायचास म्हणे, आणि तुझी मूठ सखूच्या मुठीच्या दीडपट. मी मळ्यात गेलो. आम्ही तीन घागरी केल्या. एकीत लसूण भरपूर, दुसरीत बेताचा, तिसरीत मुळीच नाही. ठेचला सखूनंच. मी जवळ बसलो, आणि खोटं कशाला सांगू, नाकाला उपरणं लावून बसलो. वहीत मात्र तो शब्द मी स्वतःच्या हातानं लिहिला. भरपूर लसणाच्या ओळीत पानांच्या कडा करपल्या. बेताच्या ओळीत भुरी पाचव्या दिवशी थबकल्यासारखी वाटली. आम्ही दोघं खाली वाकून बघत होतो आणि सखू म्हणाली, थांबली बघा. सहाव्या दिवशी अवकाळी पाऊस आला. असा झोडपून आला की तिन्ही ओळी धुऊन निघाल्या, आणि लसूण नसलेल्या ओळीवरची भुरीसुद्धा गेली. तिच्यावर नव्यानं धरलीही नाही.

आता मला सांग. तुझं औषध लागू पडलं की पाऊस? मागच्या हिवाळ्यांत असा पाऊस कधी आला होता का? मी वही चाळून पाहिली. पावसाची नोंद एकदाही केलेली नाही, कारण तू सांगितलं नाहीस आणि मला विचारायची अक्कल नव्हती. मग तुझा वाटाणा हिरवा राहायचा तो लसणानं, की तुझ्या मळ्यात वारा खेळता असतो म्हणून? पण मग पाटाकडेची आमची ओळ तेवढी पिठाळायची कशी? एवढ्याशा अंतरात वारा बदलतो का? मी हे सारखं घोळवतो. तू असतास तर एक ढेकूळ हातात चुरगळत म्हणाला असतास, पुढल्या साली बघू.

एक गोष्ट मात्र पुढल्या साली बघू म्हणून चालणारी नव्हती. बाजाराच्या दिवशी मी ओट्यावर उभा राहिलो. उभं राहून बोलायची मला सवय नाही. कोंडीबा आलेला होता, ते पाहूनच उठलो. सांगितलं की ज्ञानबानं काही लपवलं नव्हतं, औषधात लसूण होता, मी तो लिहायला नाही म्हटलं आणि मीच विसरलो, आणि मग त्याला तुमच्यादेखत लबाड ठरवलं. कोंडीबानं विचारलं, "म्हंजे माझी काकडी तुमच्या सोवळ्यापायी गेली?"

मी म्हटलं, हो.

तो गूळ घ्यायला आला होता, तो घेऊन गेला. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आणखीच एक प्रश्न सुरू झाला, की त्या दिवशी तू आतल्या दाराकडे पाहिलंस ते आईसाठी की माझ्यासाठी. पंधरा माणसांत एक शब्द बोलला असतास तर मीच खाली मान घातली असती. तुझ्या अब्रूपेक्षा माझ्या घरातलं सोवळं तुला जास्त वाटलं का? ते मला स्वतःला तरी एवढं वाटतं का? आणि आपण बरोबरीचे, एका वयाचे, तरी तू मला जन्मभर तुमी म्हणालास आणि मी तुला तू. हे इतकी वर्षं मला खटकलं नाही. आता लिहिताना प्रत्येक ओळीत दिसतं, पण बदलायला गेलो तर ते तुला लिहिलेलं वाटत नाही.

परवा लोणीहून एक म्हातारा आला. एवढ्या लांबून चालत आला होता, पायाला धूळ गुडघ्यापर्यंत. त्याच्या घेवड्यावर भुरी होती आणि त्याला ज्ञानबाचं पाणी हवं होतं. मी त्याला ओट्यावर वर घेतलं, शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. लिंब, निरगुडी, करंज, रिठा, लसूण. लसूण किती ते ठाऊक नाही. लसणानंच थांबते की नाही तेही आता नक्की सांगता येत नाही. घेवड्याला चालेल का, ठाऊक नाही. पान करपेल का, कदाचित. म्हाताऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग तुमाला ठावं तरी काय हाय, शेट?" त्यानं विचारलं. चेष्टा नव्हती त्यात.

मी म्हटलं, "तो लबाड नव्हता, एवढं ठाऊक आहे."

"त्ये लोनीत समद्यांना ठावं व्हतं," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं प्यायला पाणी मागितलं.